मेस्त्रींचा खुळखुळ्या

कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या त्या फ्लॅटमध्ये आरसा एकच होता, पण थर्मामीटर पाच होते. स्वयंपाकघरात एक, बाल्कनीत एक, दोन खोल्यांत दोन आणि पाचवा मेस्त्रींच्या सदऱ्याच्या खिशात, पेनाच्या शेजारी. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी ते खिशातला थर्मामीटर काढून दारात धरायचे. यजमान "या, बसा" म्हणत असायचे आणि हे म्हणायचे, "सत्तावीस. फिल्टर धुवलास नाय."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. तसंही ते कुणी वापरत नव्हतं. कणकवलीच्या पलीकडच्या एका खेड्यातून ते तरुणपणी कुवेतला आले ते एसी मेकॅनिक म्हणून, आणि अहमदीच्या जुन्या स्टाफ क्वार्टर्समधली खिडकीतली यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी नाशिकहून नवा इंजिनियर म्हणून आलो तेव्हा ते पंचावन्नच्या पुढे होते. फ्लॅट त्यांच्या नावावर होता; एका खोलीत ते, दुसरीत मी आणि लातूरकडचा एक वेल्डर.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला शहाणपण शिकवलं. मी म्हणालो, "मेस्त्री, खोली छान गार केलीत."

"एशी गारवो करीत नाय रे," ते म्हणाले. "भितरची गरमी भायर टाकता. तितक्याच तेचा काम. आपण हंय गार बसतंव, तेव्हा भायर कोण तरी तापत असता."

आकड्याच्या बाबतीत ते अतिशय कडक होते. सव्वीस म्हणजे सव्वीस. वेल्डर एकदा सहज म्हणाला, आज पन्नास होतं म्हणे. मेस्त्री बाल्कनीत जाऊन आले. "सत्तेचाळीस. तीन डिग्री खंयसून हाडलंस?" आणि तो कबूल करेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. घरी फोन करायचे तेही दर शुक्रवारी सकाळी, स्पीकरवर. "आज हंय चव्वेचाळीस." पलीकडून काकूंचा आवाज यायचा, "जेवलात?" "होय. तू?" "होय." थोडा वेळ दोन्हीकडून नुसता श्वास, मग "ठेवतंय." पंचवीस-तीस वर्षांचा संसार त्या एवढ्याशा संभाषणात मावलेला. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे माझं स्वतःचं लग्न होऊन बायको नाशिकला राहिली आणि माझेही फोन आखडत चालले, तेव्हा हसू थांबलं.

सापाची गोष्ट मला कळली ती त्यांच्याबरोबर राहायला लागून वर्ष होत आल्यावर. दर सोमवारी आणि बुधवारी ड्यूटीनंतर, आणि शुक्रवारी सुट्टीच्या दुपारी, मेस्त्री कुठेतरी जायचे. आम्हाला वाटायचं, खाजगी कामं घेत असतील. एका शुक्रवारी दुपारी त्यांची गाडी बंद पडली म्हणून मी सोडायला गेलो. त्यांच्या खात्याच्या मुदीरचा, म्हणजे वरच्या कुवेती साहेबाचा, मोठा बंगला होता. अंगणात पुरुषमाणसांच्या बैठकीची दिवाणिया आणि तिच्या मागे एक बंद खोली. मेस्त्रींनी किल्ली काढली, आधी हात आत घालून थर्मामीटर पाहिला आणि म्हणाले, "ये. पण हात खिशात ठेव."

आत काचेच्या मोठ्या पेटीत, वाळूवर, एक जाडजूड साप वेटोळं घालून बसला होता. मातकट रंग, पाठीवर गडद चौकटी. मला पाहिलं आणि त्याची शेपटी थरथरायला लागली. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कढईत मोहरी तडतडावी तसा, पण न थांबणारा.

"गप रे, आपलोच हा," मेस्त्री त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "अमेरिकेतलो. रॅटलस्नेक. मी तेका खुळखुळ्या म्हणतंय."

मुदीरच्या धाकट्या मुलाला सापांचा नाद होता. शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात त्याने हा एका खोक्यात पाहिला आणि घेऊन आला. विषारी जनावर घरात आलेलं पाहून आईने अंथरूण धरलं, पण पोरगा ऐकेना. मग तो अमेरिकेला शिकायला गेला, आणि जाताना प्रश्न पडला की याला बघणार कोण. घरातले नोकर खोलीच्या आसपास फिरकत नव्हते. मेस्त्री तिथे एसी साफ करायला जायचे आणि कधी घाबरले नव्हते, म्हणून पोराने किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "अमानत." विश्वासाने सोपवलेली वस्तू. हा शब्द मेस्त्री मला सांगताना दोनदा म्हणाले.

मी पेटीपासून लांब उभा होतो. मेस्त्रींनी लांब चिमट्याने पाण्याची वाटी बदलली, एसीचा फिल्टर काढून झटकला, आणि मग प्लास्टिकचं स्टूल ओढून पेटीसमोर बसले. आणि बोलायला लागले. फणसाला यंदा लागच नाही. चुलतभावाने कुंपणाचा गडगा दोन हात अलीकडे सरकवलाय, पण भांडणार कोण, भांडायला तिथे असायला तरी पाहिजे. धाकट्या मुलीने बारावीनंतर शिकणार नाही म्हणून सांगितलं, आणि ते आपल्याला शेवटी कळलं, शेजाऱ्यांच्याही नंतर. पाऊण तास ते बोलत होते. शुक्रवारच्या फोनवर यातला एक शब्द मी कधी ऐकला नव्हता.

परत येताना मी विचारलं, "साप ऐकतो का हो?"

"तेका कान नाय," मेस्त्री म्हणाले. "म्हणान तर सांगूक बरा वाटता."

दोन वर्षांतून एकदा मेस्त्री चतुर्थीला घरी जायचे. त्या वर्षी जाताना मुदीरच्या बंगल्याच्या रखवालदाराला त्यांनी सगळं दाखवून ठेवलं. कागदावर अरबीत लिहून घेतलं: एसी बंद पडला तर हे बटण खाली करून वर करायचं, खोलीत जायचीही गरज नाही, बटण बाहेर आहे. चौदा दिवसांत साप उपाशी मरत नाही. फक्त खोली तापायला नको.

ते परत आले तो गुरुवार होता. विमानतळावरून सरळ बंगल्यावर गेले, हातात घरच्या लाडवांची पिशवी तशीच. बटण आदल्या दिवशी दुपारी पडलं होतं. रखवालदाराने कागद जपून ठेवला होता, पण खोलीजवळ जायची त्याची हिंमत झाली नव्हती. दार उघडलं तर आत त्रेचाळीस. मेस्त्रींनी बटण वर केलं, पेटी ढकलत दिवाणियाच्या गारव्यात आणली, ओल्या कापडाने काच झाकली. साप दुपारपर्यंत जिवंत होता.

"एकदाच वाजवल्यान," त्यांनी मला सांगितलं. "मगे गप."

मुदीर घरीच होते. मेस्त्रींनी त्यांना जागेवर बोलावून पेटी दाखवली, थर्मामीटर दाखवला आणि म्हणाले, अमानत गेली, चूक माझी. मुदीर म्हणाले, "खलास, सुटलो. मुलाला मी सांगेन. आता त्याच्या परीक्षा आहेत, तू काही कळवू नकोस."

हे मला नंतर कळलं. मला त्या शुक्रवारी सकाळी कळलं ते एवढंच, की फ्रीझरमधून वाटाणे काढायला गेलो तर पिशवीखाली काहीतरी गोल, जड लागलं. प्लास्टिकमधून चौकटी दिसत होत्या. मी ओरडलो तसा वेल्डर धावत आला.

"आवो मेस्त्री! ह्ये काय आणून ठिवलंय घरात?"

मेस्त्री दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच. "मेलोहा तो. काय करूचो नाय."

"मेलेला आसंल, पर ते दैवत हाय. आमच्याकडं पंचमीला दूध पाजत्यात."

"ह्यो अमेरिकन. तेका पंचमी खंयची!" मेस्त्री म्हणाले, पण त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. दाढी पुसून ते स्वयंपाकघरात आले, स्टुलावर बसले आणि सांगितलं की याचं कातडं कमवून ठेवायचं आहे. पोरगा परत येईल तेव्हा त्याच्या हातात द्यायला.

"कशाला पण?" मी विचारलं.

"नुसता मेलो म्हणान सांगलंय तर तो काय समजतलो? बाजारात अशा सापाक गिऱ्हाईक आसा. म्हणतलो, विकल्यान. कातडा असला की दिसता. आणि शेपटेचो खुळखुळो तेच्याच सापाचो, ह्यां तो वळखतलो."

वेल्डरने त्याच दिवशी दुसरी खोली पाहायला सुरुवात केली आणि महिना संपताच तो मंगाफला गेला. वाईट माणूस नव्हता. जाताना मेस्त्रींच्या पाया पडला, पण फ्रीझरकडे पाठ करून.

कातडं काढताना मी धरायला होतो. मेस्त्रींनी इंटरनेटवरचे व्हिडिओ मला लावायला सांगितले होते. इंग्रजी मी त्यांना समजावत होतो. पहिलं काम डोक्याचं. मेलेल्या सापाचा दातही विष सोडू शकतो, म्हणून जाड हातमोजे घालून डोकं वेगळं केलं आणि काचेच्या बरणीत बंद करून दूर वाळवंटात खोल पुरून आलो. मग पोटाच्या रुंद खवल्यांच्या मधोमध कात्री चालवली. कातडं मोज्यासारखं उलटं निघत येतं, हे पाहून मी थक्क झालो. मांसाचे कण त्यांनी चमच्याच्या कडेने खरवडले. एवढा राकट हात, पण ओल्या कागदावर चालावा तसा चालत होता. शेपटीपाशी आले तेव्हा ते थांबले. शेवटचा इंच त्यांनी मला हातही लावू दिला नाही. खुळखुळा त्या कातड्याला जसाच्या तसा राहिला.

पुढचं काम ग्लिसरीन आणि स्पिरिटचं, निम्मं निम्मं. औषधांच्या दुकानात मेस्त्रींनी ग्लिसरीनच्या बाटल्यांची रांगच मागितली तेव्हा काउंटरवरच्या मल्याळी पोरीने हिंदीत विचारलं, "अंकल, इतना किसके लिए?" मेस्त्री म्हणाले, "मेहमान है. चमडी सूख गयी है." लोणच्याच्या मोठ्या बरणीत कातडं तीन दिवस भिजलं. रोज ड्यूटीवर जाताना आणि आल्यावर ते बरणी हलवायचे. मग प्लायवूडवर खवले खाली करून ताणून टाचण्या लावल्या आणि वर रोज ग्लिसरीनचा हात. स्वयंपाकघरातला एसी त्यांनी चोवीसवर बांधून ठेवला. दहा-बारा दिवसांनी कातडं सुटलं ते मऊ, घडी घालता येईल असं, आणि चौकटी जिवंतपणी होत्या त्याहून जास्त उठून दिसत होत्या.

फ्रेमसाठी आम्ही अम्गराच्या भंगार बाजारात गेलो. पाडलेल्या एका जुन्या घराचा सागवानी दरवाजा मेस्त्रींनी हुडकून काढला. रंध्याने साफ केला, त्यावर कातडं लांबवर पसरून बसवलं, वर काच. खाली लावायची पट्टी मी इंग्रजीत लिहावी असं ठरलं. मी लिहिलं, रॅटलस्नेक, आणि गेल्याची तारीख.

"आणि लिही," मेस्त्री म्हणाले. "खोलीचं तापमान त्रेचाळीस. एसी बंद."

"मेस्त्री, हे कशाला? स्वतःच्या हाताने स्वतःवर दोष?"

"मगे कातडा सुकवलंय कित्या?" ते म्हणाले. चिडले नव्हते, त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता.

मी लिहिलं.

पोरगा यायला तीन वर्षं लागली. मधल्या सुट्ट्यांत आला असेल तर आम्हाला पत्ता नाही. ती तीन वर्षं फ्रेम मेस्त्रींच्या पलंगामागे चादरीत गुंडाळून उभी होती. दर सहा महिन्यांनी ते चादर सोडायचे, काच काढायचे, कातड्यावर ग्लिसरीनचा बोळा फिरवायचे. तेव्हा थोडं बोलायचेही, पण पूर्वीसारखं नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार ते आता घरीच असायचे आणि टीव्ही न लावता टीव्हीकडे तोंड करून बसायचे. मी म्हणालो, काकूंना फोन करा, आज शुक्रवार नसला तरी करा. त्यांनी एकदा केला. काकू घाबरल्या. "काय झाला?" "काय नाय. असोच." मग पलीकडून, "जेवलात?"

मग एक दिवस मुदीरचा निरोप आला की मुलगा शिकून परत आलाय, दिवाणियात सगळ्यांना जेवण आहे. मेस्त्रींनी इस्त्रीचा सदरा घातला. फ्रेम बगलेत धरून ते माझ्या गाडीत बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की निकाल लागायचा असलेला मुलगा आठवावा.

मुदीर आम्हाला अंगणातच भेटले. आता निवृत्त, काठी टेकत. चादरीतली वस्तू पाहून ते काय ते समजले. त्यांनी मेस्त्रींना खजुराच्या झाडाखाली बाजूला घेतलं. मीही मागे होतोच. दोघांची भाषा म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी अरबी, पण तीस वर्षांची.

"ऐक," मुदीर म्हणाले. "तो त्या वेळी फोनवर रोज विचारायचा, साप कसा आहे. मेला म्हणून सांगायला मला जमलं नाही. परदेशात एकटा पोर. मी म्हणालो, तू तो वाफ्रातल्या एका शेतवाल्याला दिलास."

"दिला?" मेस्त्रींनी विचारलं.

मुदीर खाली बघायला लागले. "तो म्हणाला, विकला? मी हो म्हणालो. रागावला होता तुझ्यावर थोडे दिवस. मग म्हणाला, निदान जिवंत आहे, मोठ्या जागेत आहे. त्याने तुला माफ केलंय."

"मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं, मुदीर. त्रेचाळीस. एसी बंद."

"सांगितलं होतंस," मुदीर म्हणाले.

तेवढ्यात मुलगा बाहेर आला. उंच, दाढी राखलेला, हसतमुख. त्याने मेस्त्रींना मिठीच मारली. "अंकल! तुम बुड्ढा हो गया!" मग थोडा दूर होऊन, डोळे बारीक करून म्हणाला, "मेरा साँप बेच दिया ना? मालूम है मुझे सब." आणि लगेच स्वतःच हसला. "माफी मुश्किल," काही हरकत नाही, असं अरबीत म्हणून पुढे, "कोई बात नहीं. सिर्फ एक बात बोलो. वो वाफ्रावाला आदमी अच्छा है? ठीक रखा है उसको?"

मी मेस्त्रींकडे पाहत होतो. तीन डिग्रीसाठी वेल्डरला अर्धा तास उभा करणारा माणूस. चादरीची गाठ त्यांच्या बोटांपाशी होती. एक ओढ, की सगळं मोकळं. मुदीर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते आणि कुणाकडेच बघत नव्हते.

"अच्छा आदमी है," मेस्त्री म्हणाले. "बडा कमरा है. अट्ठाईस डिग्री रखता है. बराबर."

मुलाचा चेहरा उजळला. मग त्याचं लक्ष चादरीकडे गेलं. "ये क्या लाया?"

"फॅमिली फोटो है, बाबा. फ्रेम टूट गया था, बनाने को दिया था."

आम्ही जेवलो. मेस्त्रींनी भात मागून घेतला. परत येताना अर्ध्या रस्त्यात ते डॅशबोर्डवरच्या एसीच्या झोतापुढे हात धरून म्हणाले, "तुझ्या गाडयेत गॅस कमी आसा."

"मेस्त्री, तुम्ही चोर ठरलात."

"तेच्या तोंडार बघलंस मां," ते म्हणाले. "मगे?"

त्या संध्याकाळी त्यांनी फ्रेम हॉलमध्ये भिंतीवर लावली, खालच्या पट्टीसकट. त्यानंतर आमच्याकडे येणारे कमी झाले. महाराष्ट्र मंडळातली एक दोन कुटुंबं तिळगुळाला यायची, ती दारातूनच वडी देऊन जायला लागली. कुणी विचारलंच, हे काय, तर मेस्त्री सांगायचे, "एक पाव्हणो होतो." अहमदीच्या वर्कशॉपमध्ये मात्र गोष्ट वेगळी पसरली. साहेबाच्या मुलाचा साप विकणारा मेकॅनिक. "मेस्त्री, आणखी काही आहे का विकायला?" असं लोक हसत विचारायचे. तेही हसायचे. मी एकदा मध्ये पडून खरं सांगायला लागलो तर त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

वयाची साठी झाली आणि इकाम्याचं, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण झालं नाही. दोन खोकी आणि एक बॅग घेऊन ते गेले. कातडं विमानातून नेता येणार नाही हे त्यांना माहीत होतं. "तुझ्याकडे ऱ्हवांदे," म्हणाले. "वर्षातून दोनदा ग्लिसरीन." विमानतळावर त्यांनी खिशातला थर्मामीटर काढून पाहिला, तेवीस, आणि समाधानाने मान हलवून आत गेले. मागे वळून पाहिलं नाही.

नंतर माझी बायको आणि मुलगी इकडे आल्या. मुलगी इथल्याच शाळेत जाते. काचेसमोर उभी राहून तिने पट्टी वाचली आणि विचारलं, "बाबा, हू स्विच्ड ऑफ द एसी?" मी सांगितलं, कुणी नाही, आपोआप बंद पडला. तिला ते पटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात फहाहीलच्या समुद्राकाठी मुदीरचा मुलगा भेटला. खांद्यावर त्याचं लहान मूल होतं. वडील वारले म्हणाला. मेस्त्रींची चौकशी केली आणि माझ्याकडे बोट करून मुलाला इंग्रजीत म्हणाला, "याच्या मित्राने माझा साप विकला होता, माहितेय? पण माणूस फार चांगला." आणि प्रेमाने हसला.

मी कसाबसा घरी आलो. एवढी वर्षं झाली, मुदीर गेले, आता कुणाला दुखवायचं राहिलं होतं? दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी मेस्त्रींना फोन लावला. पलीकडे कोंबडे, कुणीतरी लाकडं फोडत असल्याचा आवाज. मी सगळं एका दमात सांगितलं. म्हणालो, फ्रेम गाडीत घालतो, त्याच्या घरी जातो, काच पुसून समोर ठेवतो. तुम्ही फक्त हो म्हणा.

काकू मागून काहीतरी विचारत होत्या.

"नको," मेस्त्री म्हणाले. "थंय वाफ्रात तो सुखान आसा. आता तेका परत कित्या मारतंस?"